बक्षीसपत्रातला ‘स्वकष्टार्जित’ आणि अडलेली घरविक्री: एक प्रकरण

खालचं प्रकरण नमुन्यादाखल बेतलेलं आहे. माणसं आणि रकमा काल्पनिक आहेत, पण यातली प्रत्येक अडचण बक्षीस मिळालेल्या घराच्या विक्रीत नेहमी समोर येते.

साताऱ्यात सव्वादोन हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर जुनं बैठं घर आहे. प्लॉट वडिलांनी फेब्रुवारी १९७८ मध्ये स्वतःच्या नावे ८,४०० रुपयांना घेतला. १९८४ मध्ये सरकारी नोकरीतल्या घरबांधणी अग्रिमातून त्यावर घर बांधलं. मार्च २०१६ मध्ये त्यांनी हे घर नोंदणीकृत बक्षीसपत्राने धाकट्या मुलाला दिलं आणि २०२१ मध्ये ते वारले. मागे आई, थोरला मुलगा, धाकटा मुलगा आणि दोन मुली राहिल्या. त्यातली धाकटी मुलगी २०२२ मध्ये गेली. तिच्यामागे नवरा, एक सज्ञान मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा आहे.

२०२५ मध्ये धाकट्याने घर १ कोटी ४० लाखांना विकायचं ठरवलं. दहा लाख विसार घेतला. खरेदीदाराला बँकेचं कर्ज हवं होतं. मालमत्ता पत्रकावर धाकट्याचं नाव होतं, बक्षीसपत्राची सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) हातात होती, घरपट्टीही त्याच्याच नावे येत होती. खरेदीदाराच्या वकिलाने दोन दैनिकांत चौदा दिवसांची जाहीर नोटीस दिली. अकराव्या दिवशी थोरल्या बहिणीची लेखी हरकत आली: घर वडिलोपार्जित पैशांतलं आहे, बक्षीस देण्याचा वडिलांना अधिकार नव्हता, माझा पाचवा हिस्सा आहे. बँकेच्या पॅनलवरच्या वकिलाने त्याच दिवशी फाइल बाजूला ठेवली.

इथवर खरेदीदाराकडून एक गोष्ट बरोबर घडली होती. साठेखत (विक्रीचा करार) नोंदवायच्या आधी नोटीस दिली होती. अनेक जण आधी साठेखतावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरतात आणि मग नोटीस देतात. हरकत आली की व्यवहार एकीकडे आणि शुल्काच्या परताव्याचे हेलपाटे दुसरीकडे, अशी गत होते.

बक्षीसपत्र स्वतः कसं होतं?

पहिली तपासणी दस्ताचीच. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे स्थावराचं बक्षीस नोंदणीकृत हवं आणि त्यावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. कलम १२२ प्रमाणे देणारा हयात असतानाच घेणाऱ्याने ते स्वीकारलेलं असलं पाहिजे. दस्तात ‘स्वीकारले’ असं वाक्य होतं, त्याखाली धाकट्याची सही होती, आणि वडील हयात असतानाच मालमत्ता पत्रकावर फेरफार झाला होता. मुद्रांक २०० रुपयांचा होता. राहतं घर मुलाला, मुलीला, जोडीदाराला किंवा नातवंडाला बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात २०१५ पासून तेवढाच लागतो, त्यामुळे त्यात खोट नव्हती. दस्त म्हणून तो सरळ होता.

पण दोन गोष्टी सुटल्या होत्या. पहिली म्हणजे दस्तातली एक ओळ: ‘लिहून देणार व त्यांची पत्नी हयात असेपर्यंत सदर घरात राहतील.’ राहण्याचा हक्क राखल्याने बक्षीस रद्द ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने रेणिकुंटला राजम्मा प्रकरणात (२०१४) हे स्पष्ट केलं आहे. मात्र आई हयात आहे आणि त्याच घरात राहते. तिच्या सहीशिवाय झालेलं खरेदीखत म्हणजे खरेदीदाराने विक्रेत्याच्या आईसकट घर विकत घेण्यासारखंच. धाकट्याच्या वकिलाने ही ओळ मालकीच्या शोध अहवालात नमूदच केली नव्हती.

दुसरी गोष्ट साक्षीदारांची. थोरल्या भावाने बक्षीसपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली होती आणि घरात सगळे धरून चालले होते की त्याचा प्रश्न तिथेच मिटला. साक्षीदार सही करतो ती फक्त लिहून देणाऱ्याच्या सहीची साक्ष म्हणून. दस्तातला मजकूर त्याला माहीत होता किंवा मान्य होता, असं त्या सहीवरून आपोआप ठरत नाही. संमती हवी असेल तर ‘मान्यता देणार’ म्हणून वेगळी सही लागते.

देणाऱ्याचं घर होतं का?

खरा प्रश्न इथे आहे, आणि बहुतेक शोध अहवाल नेमके इथेच घाई करतात. तीस वर्षांचा शोध १९९५ पर्यंत जातो. प्लॉटची खरेदी १९७८ ची. म्हणजे ज्या दस्तावर सगळं उभं आहे तो शोधाच्या कक्षेतच येत नाही.

हिंदू कुटुंबात स्वकष्टार्जित मालमत्ता मालक कुणालाही, कितीही बक्षीस देऊ शकतो. बाकीच्या मुलांना त्यावर राखीव हिस्सा नसतो. वडिलांनी सगळं एकालाच दिलं, हे अन्यायाचं वाटलं तरी बेकायदा नाही. वडिलोपार्जित म्हणजे सहदायकी मालमत्तेचं मात्र उलट आहे. सहदायकाला, म्हणजे जन्मानेच वाटेकरी असलेल्याला, आपला अविभक्त हिस्सासुद्धा इतर सहदायकांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, दिला तर ते बक्षीस शून्यवत (थम्मा वेंकट सुब्बम्मा, १९८७). कर्त्याला (कुटुंबप्रमुखाला) धर्मकार्यासाठी थोडाफार भाग देता येतो, पण ‘प्रेमापोटी व आपुलकीपोटी’ दिलेलं बक्षीस त्यात बसत नाही, हे २०२२ मध्ये के. सी. लक्ष्मण प्रकरणात पुन्हा सांगितलं गेलं. आपल्याकडचं जवळजवळ प्रत्येक बक्षीसपत्र याच शब्दांनी सुरू होतं.

धाकट्याच्या बाजूने बक्षीसपत्रात लिहिलं होतं, ‘सदर मिळकत लिहून देणार यांची स्वकष्टार्जित आहे.’ हा पुरावा नव्हे. २०१६ मध्ये वडिलांनी स्वतःच्या सोयीचं वाक्य लिहिलं, त्याने मुलीचा हक्क बांधला जात नाही. पुरावा १९७८ च्या आसपासच्या कागदांत शोधावा लागतो.

तलाठ्याकडच्या जुन्या फेरफार नोंदवहीत तीन नोंदी सापडल्या. पहिली १९५१ ची वारस नोंद: आजोबा वारले, शेत वडील आणि काका यांच्या नावे लागलं. दुसरी १९६९ ची वाटपाची: दोघा भावांनी शेत वाटून घेतलं. तिसरी जानेवारी १९७८ ची: वडिलांनी वाट्याचं शेत ९,००० रुपयांना विकलं. या विक्रीनंतर चाळीस दिवसांनी साताऱ्यातला प्लॉट ८,४०० रुपयांना घेतला गेला.

यातलं १९५१ हे साल सगळ्यात महत्त्वाचं आहे. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. आजोबा त्यानंतर वारले असते आणि शेत वडिलांना कलम ८ प्रमाणे वारसाने आलं असतं, तर ते वडिलांचं वैयक्तिक ठरलं असतं (चंदर सेन, १९८६) आणि बहिणीच्या हरकतीतली हवाच गेली असती. आजोबा १९५६ पूर्वी गेले, म्हणून शेत वडिलांच्या हातात आलं तेव्हाही वडिलोपार्जितच राहिलं. १९६९ च्या वाटपाने ते काकापासून वेगळं झालं, पण वडिलांच्या मुलांच्या दृष्टीने त्याचं स्वरूप बदललं नाही.

आता पुराव्याचा भार. कुटुंब एकत्र होतं एवढ्यावरून मालमत्ता एकत्र कुटुंबाची ठरत नाही. जो तसं म्हणतो त्याने आधी दाखवायचं की नवी मालमत्ता घेता येईल इतकं वडिलोपार्जित भांडवल हाताशी होतं. ते दाखवलं की स्वकष्टार्जित असल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी दुसऱ्या बाजूवर येते (श्रीनिवास कृष्णराव कांगो, १९५४). चाळीस दिवसांचं अंतर आणि ९,००० विरुद्ध ८,४०० हे आकडे बहिणीला एवढ्यापुरते पुरेसे होते. धाकट्याकडे काय होतं? सेवापुस्तकाची प्रत, घरबांधणी अग्रिमाचा मंजुरी आदेश आणि त्यासाठी राज्यपालांच्या नावे करून दिलेलं गहाणखत. यातून बांधकाम पगारातून फिटलं हे नीट सिद्ध होत होतं. प्लॉटचे पैसे कुठून आले, याचा एकही कागद नव्हता. १९७८ च्या खरेदीखतातही पैशांच्या मुळाबद्दल अवाक्षर नव्हतं.

या शोधात आणखी एक कचरा वर आला, तो वारसाशी संबंधित नाही पण विक्री त्यानेही अडली असती. राज्यपालांच्या नावाचा बोजा मालमत्ता पत्रकावर तसाच होता. अग्रिम फिटून दोन तपं उलटली, पण गहाणमुक्तीचा दस्त झालाच नव्हता. वडिलांच्या जुन्या कार्यालयाकडून येणे-बाकी नसल्याचा दाखला आणि गहाणमुक्तीचा दस्त मिळवायला सात आठवडे गेले.

शून्य किंवा अठ्ठावीस लाख

घर स्वकष्टार्जित ठरलं तर बहिणीला काही नाही. सहदायकी ठरलं तर हिशेब असा: वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटप झालं असं धरायचं. वडील, आई आणि चार मुलं, प्रत्येकी एक षष्ठांश. वडिलांच्या षष्ठांशाचे पुन्हा पाच वारसांत पाच भाग, म्हणजे प्रत्येकी एक तीसांश. एक षष्ठांश अधिक एक तीसांश म्हणजे बरोबर एक पंचमांश. १ कोटी ४० लाखांत २८ लाख. वारलेल्या बहिणीचे २८ लाख तिचा नवरा आणि दोन मुलं यांच्यात समान, प्रत्येकी सुमारे ९ लाख ३३ हजार.

धाकट्याचा पहिला युक्तिवाद होता की ताईचं लग्न १९९१ मध्ये झालं, म्हणून तिला हक्क नाही. हा गैरसमज महाराष्ट्रात अजून घट्ट आहे, कारण १९९४ च्या राज्य दुरुस्तीने २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना खरंच वगळलं होतं. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत लग्नाची अशी अट नाही. ९ सप्टेंबर २००५ ला हयात असलेली मुलगी जन्मापासून सहदायक, वडील त्या दिवशी हयात असोत वा नसोत; विनीता शर्मा निकालाने (ऑगस्ट २०२०) यावर पडदा पाडला. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या विक्रीला मात्र संरक्षण आहे. त्यामुळे १९७८ ची शेतविक्री कुणी उकरू शकत नाही. पण त्या पैशांतून घेतलेलं घर २००४ नंतरही कुटुंबातच होतं.

दुसरा युक्तिवाद मुदतीचा. बक्षीसपत्राला नऊ वर्षं झाली, तीन वर्षांची मुदत केव्हाच संपली. दस्त रद्द करण्याच्या दाव्याला तीन वर्षं, हे खरं. पण वडिलांनी केलेलं वडिलोपार्जित मालमत्तेचं हस्तांतरण रद्द करायला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १०९ प्रमाणे घेणाऱ्याचा ताबा सुरू झाल्यापासून बारा वर्षं मिळतात. ताबा अगदी दस्ताच्या दिवशी गेला असं धरलं तरी २०२८ पर्यंत वेळ होता.

तिसरा आधार खरेदीदाराचा: मी तर प्रामाणिक खरेदीदार, रेकॉर्ड पाहून घेतोय. हरकत हातात पडल्यावर ही ढाल गळून पडते. आपल्याला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच राहत नाही.

‘करू दे दावा’ म्हणणं का परवडत नाही

धाकट्याची सुरुवातीची तयारी भांडायची होती. ताई कोर्ट फी भरून कशाला दावा लावेल, असा त्याचा होरा. महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात स्त्री पक्षकाराला १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. म्हणजे २८ लाखांचा वाटपाचा दावा तिला फक्त वकिलाच्या खर्चात पडतो. दावा लागला की मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १९३९ च्या मुंबई दुरुस्तीप्रमाणे प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची. महाराष्ट्रात ही नोंद झाली की त्यानंतरचा खरेदीदार दाव्याच्या निकालाला बांधला जातो, आणि ही नोंद असलेल्या घरावर एकही बँक कर्ज देत नाही. शेवटी दावा कोण जिंकेल यापेक्षा घर किती वर्षं विकता येणार नाही, हा हिशेब मोठा. अशा वेळी विक्रेत्याने किमान कॅव्हेट (आपलं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज) तरी दाखल करून ठेवावं, म्हणजे एकतर्फी मनाई हुकूम येत नाही. त्याची मुदत नव्वद दिवस, संपली की पुन्हा दाखल करावं लागतं.

दुसऱ्या टोकाला मध्यस्थाचा सल्ला होता: ताईला दोन लाख द्या आणि पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ना-हरकत लिहून घ्या. नोटरीपुढच्या अशा कागदाने स्थावरातला हक्क सुटत नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावर हक्काचा त्याग नोंदणीकृतच हवा. असे कागद खूप फायलींत सापडतात आणि पॅनलचा वकील ते उलटून पुढे जातो.

नोंदणीकृत हक्कसोडपत्र हा सरळ मार्ग वाटतो, पण त्यात एक पेच आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत भावाबहिणींतल्या हक्कसोडपत्राला ५०० रुपये मुद्रांक आहे. मग दस्तात घर वडिलोपार्जित असल्याचं लिहावं लागतं, आणि तसं लिहिलं की बक्षीसपत्राचा पायाच आपण आपल्या हाताने काढतो. राहिलेल्या प्रत्येकाचा हिस्सा तिथे कबूल झाला. स्वकष्टार्जित लिहिलं तर सवलत जाते आणि खरेदीखताइतकं शुल्क लागतं. शिवाय तेरा वर्षांचा मुलगा. त्याच्या वतीने बापाने केलेली सही जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय चालत नाही. मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत तो व्यवहार मोडू शकतो, आणि तोवर खरेदीदार घरावर मजला चढवून बसलेला असेल.

म्हणून निवडलेला मार्ग असा. विसारपावतीची मुदत लेखी पुरवणीने सहा महिन्यांनी वाढवली आणि त्यात स्पष्ट अट घातली: तडजोडीचा हुकूमनामा मिळाला नाही तर दहा लाख बिनव्याजी परत. ताईनेच वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा दाखल केला, कारण कोर्ट फीची माफी तिला होती. आई, दोन्ही भाऊ, मेहुणे (वारलेल्या बहिणीचे यजमान) आणि त्यांच्या दोन्ही मुलांना प्रतिवादी केलं. अज्ञान भाच्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२ नियम ७ खाली परवानगीचा अर्ज, सोबत तडजोड त्याच्या हिताची असल्याचं वकिलाचं प्रमाणपत्र आणि शपथपत्र. त्यानंतर लोकअदालतीत तडजोड पुरसिस (तडजोडीचं लेखी निवेदन). लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, हे खरेदीदाराच्या बँकेला सगळ्यात आवडलेलं कलम.

रकमेची घासाघीस मात्र कोर्टाबाहेर, जेवणाच्या टेबलावर झाली. बहिणीचा पुरावा प्लॉटपुरता बळकट होता, बांधकामापुरता नाही. पूर्ण २८ लाख मिळवायला सात-आठ वर्षं आणि दोन अपिलं सोसावी लागली असती. साडेदहा लाखांवर एकमत झालं. वारलेल्या बहिणीच्या कुटुंबालाही तेवढेच, तिघांना साडेतीन-साडेतीन. भाच्याची रक्कम तो अठरा वर्षांचा होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. थोरल्या भावाने काही मागितलं नाही. आईने राहण्याचा हक्क सोडला, त्याबदली पंधरा लाख फक्त तिच्या एकटीच्या नावे. संयुक्त खातं नको, हा आग्रह मेहुण्यांनी धरला आणि तो योग्यच होता.

हुकूमनाम्यात दोनच गोष्टी ठरवल्या: घर धाकट्याच्या एकट्याच्या मालकीचं, आणि कुणाला किती रक्कम कधी. घर स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित, यावर एक शब्दही लिहिला नाही. दाव्यातल्याच मिळकतीबद्दलच्या तडजोडीला सहसा नोंदणी लागत नाही, तरी पुढच्या शंका नकोत म्हणून चार महिन्यांच्या आत हुकूमनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदवला.

खरेदीखताच्या दिवशी धाकटा ‘लिहून देणार’. आई, थोरला भाऊ, ताई, मेहुणे आणि सज्ञान भाची ‘मान्यता देणार’. पैसे धाकट्याच्या खात्यावरून फिरवून द्यायचे नाहीत, हे आधीच ठरलं होतं. बँकेने पाच वेगळे डिमांड ड्राफ्ट काढले, त्यांचे क्रमांक दस्तात टाकले, आणि ताईने आपला ड्राफ्ट हातात घेतल्यावरच अंगठ्याच्या यंत्रावर बोट ठेवलं. भाच्याचे साडेतीन लाख त्याआधीच ठेवीत गेले होते, पावतीची प्रत दस्ताला जोडली. एक टक्का टीडीएस, १ लाख ४० हजार, खरेदीदाराने कापला.

हेच कुटुंब गोव्याचं असतं तर

सगळा शोध वडिलांच्या पैशांच्या मुळावर गेला, तो महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबाचा प्रश्न म्हणून. गोव्याच्या अधिवाशाला १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आणि आता गोव्याच्या स्वतंत्र वारसा कायद्यात असलेला नियम लागू होतो. तिथे मुलांचा निम्मा वाटा राखीव आहे, मालमत्ता स्वकष्टाची असली तरीही. हयातीत दिलेलं बक्षीस मृत्यूनंतरच्या हिशेबात परत धरतात आणि राखीव भागावर अतिक्रमण झालं असेल तेवढं कापतात. लग्न झालं की मालमत्ता साधारणतः दोघांची निम्मी-निम्मी. म्हणजे १ कोटी ४० लाखांच्या घरात वडिलांचे ७० लाख, त्यातले ३५ लाख राखीव. मागे दुसरं काही नसेल आणि कर्जही नसेल, तर चार मुलांत प्रत्येकी ८ लाख ७५ हजार, फेरफाराची जुनी वही न उघडताच.

आणि हे गोव्यातल्या घरापुरतं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये जुझे पावलो कुतिन्हो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गोव्याच्या अधिवाशाची मालमत्ता भारतात कुठेही असली तरी वारसा गोव्याच्या कायद्यानेच होतो. त्या खटल्यातली मालमत्ता मुंबईतली होती. त्यामुळे दादरचा किंवा बोरिवलीचा बक्षीस मिळालेला फ्लॅट घेताना, देणारे वडील गोव्याचे असतील तर बक्षीसपत्राच्या आधी त्यांच्या अधिवासाचे कागद मागावेत आणि सगळ्या मुलांच्या सह्या खरेदीखतावर घ्याव्यात.